झऱ्याजवळची उलटी पत्रकं

“टाचणी दे म्हटलं, टाचणी! सूर्यफुलाच्या बिया काय हातात देतोस?” नेवेना दगडावर चढून फळ्याशी झोंबत ओरडली.

“दोन्ही एकाच खिशात आहेत! मी काय करू?” खाली उभ्या असलेल्या तिच्या धाकट्या भावानं, त्सोन्योनं, खिसाच उलटा केला. बिया, टाचण्या, एक गोटी आणि अर्धं खाल्लेलं बिस्कीट असं सगळं धुळीत पडलं.

“नऊ वर्षांचा घोडा झालास, साधा खिसा आवरता येत नाही!”

“आजोबांना तरी कुठे येत होता?” त्सोन्यो बोलून गेला. त्यानं चोरून बिसेराकडे पाहिलं.

बिसेरानं ऐकलं होतं, पण तिला काहीच वाटलं नाही. ती दोन्ही हातांनी कागद फळ्यावर दाबून उभी होती. कागदावर तिच्या आजोबांचा टाय लावलेला फोटो होता आणि खाली काळ्या चौकटीत छापलं होतं, ‘प्राध्यापक लाझार मिन्चेव यांना जाऊन सहा महिने झाले.’ सकाळपासून तिघांनी अशी सव्वीस पत्रकं गावभर लावली होती आणि सव्वीस वेळा बिसेरानं हे वाक्य वाचलं होतं. भाजीच्या दुकानाची पाटी वाचावी तसं वाचलं होतं.

फेब्रुवारीपासून तिचं हे असंच चाललं होतं. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतात आणि मग आपला गाल आपला राहत नाही ना, तसं. शाळा झाली, परीक्षा झाली, उन्हाळ्याची सुट्टी लागली, सोफियाहून बसनं ती नेहमीसारखी क्लादेनला आत्याकडे आली. आजोबांची खोली पाहिली. खुर्ची पाहिली. डोळ्यांतून टिपूस नाही! “किती धीराची पोर!” असं सगळे म्हणत. धीर कसला डोंबलाचा? धीर धरायला आधी काहीतरी दुखावं लागतं.

“लागलं एकदाचं!” नेवेनानं दगडावरून उडी मारली. ती शेजारच्या घरातली, बारा वर्षांची, आणि तिच्या जिभेला गावातली कुत्रीसुद्धा घाबरत. “आता उरली तेरा. चला... अरेच्चा! हे बघा काय!”

“काय?”

“ग्युर्गा आजीचा कोल्यो आजोबा. खाली डोकं, वर पाय!”

खरंच की! आजोबांच्या पत्रकाच्या शेजारीच कोल्यो आजोबांचं सात वर्षांपूर्वीचं पत्रक होतं, मिशांसकट उलटं. त्याच्या वरचं पोस्टमनच्या आईचं, तेही उलटं. त्सोन्यो मोजायला लागला. “एक, दोन, पाच... ताई, नऊ उलटी आहेत! बाकीची सुलटी!”

क्लादेनमध्ये कुणी गेलं की अशी पत्रकं लागतात. कुंपणावर, दुकानाच्या दारावर, विजेच्या खांबावर. मग चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, आणि पुढे दर वर्षी. ती कुणी काढत नाही. ऊन-पाऊस काढील तेव्हा निघतील. झऱ्याकाठच्या या लाकडी फळ्यावर तर छोटंसं छप्पर होतं, त्यामुळे इथली पत्रकं वर्षानुवर्षं टिकत.

“वाऱ्यानं झालं असेल,” बिसेरा म्हणाली.

“वारा टाचण्या काढतो आणि परत लावतो?” नेवेनानं कपाळाला हात लावला. “आणि सकाळपासून आपण अख्खं गाव पालथं घातलं. बाकी कुठे एक तरी उलटं दिसलं?”

“नाही,” त्सोन्यो म्हणाला. “फक्त इथे. रहस्य आहे हे! चोर आहे कुणीतरी!”

“चोर नेतो रे, उलटं लावत नाही!”

तेवढ्यात मागून घागर आपटल्याचा आवाज आला. “सापडलात! कार्ट्यांनो, सापडलात!” ग्युर्गा आजी पदर खोचावा तसा एप्रन खोचून उभ्या होत्या. “मागचं वर्षभर बघितलं मी! मी सुलटा करायचे, दोन दिवसांनी माझा म्हातारा पुन्हा उलटा! शेवटी हात टेकले! जिवंतपणी कधी पडला नाही तो, आणि तुम्ही त्याला...”

“आजी, आम्ही नाही!” त्सोन्यो किंचाळला. “आम्ही तपास करतोय!”

“तपास करतोय म्हणे! जा घरी! तुमच्याकडे राजधानीतली पाहुणी येऊन बसलीय.”

पाहुणी म्हणजे डॉक्टर याना क्रुस्तेवा. एके काळची आजोबांची विद्यार्थिनी, आता सोफियाच्या संस्थेत मोठ्या हुद्द्यावर. उद्या शनिवारी आजोबांचं सहा महिन्यांचं कार्य होतं आणि त्याच वेळी झऱ्यावर संगमरवरी पाटी बसवायची होती. त्यासाठी त्या आल्या होत्या. अंगणातल्या द्राक्षाच्या मांडवाखाली रुम्याना आत्यानं मोठं टेबल मांडलं होतं, थंड ताक होतं, चीजची पाव-पोळी होती, आणि आपणहून आलेले सरपंच झेल्याझ्को काका होते. ते कुठेही जेवणाच्या वेळी आपणहूनच येत.

“अहो, लाझारकाकांचे किस्से!” सरपंचांनी तोंड पुसलं. “सोफियात त्यांचा सत्कार होता ना, तर हे एक दिवस आधीच जाऊन बसले! रिकाम्या सभागृहात! बाहेर एक नळ गळत होता. मिनिटाला किती थेंब पडतात ते यांनी संध्याकाळपर्यंत मोजलं आणि खुशीत गाडी पकडून घरी! दुसऱ्या दिवशी मंत्री हार घेऊन उभे आणि सत्कारमूर्ती इथे कोबी लावतायत!”

डॉक्टर याना पोट धरून हसल्या. आत्याचे तर हसून हसून डोळे भरले. “आणि व्हिनेगर आणायला धाडलं होतं ते? वाटेत मुंग्यांची रांग दिसली! गेले तिच्या मागे. तीन तासांनी आले, मुंग्या किती ते तोंडपाठ आणि बाटली रिकामी!”

“मोठ्या हिमवर्षावात पोस्टमनच्या कमरेला दोरीनं बांधून घेऊन झऱ्यावर गेले होते,” डॉक्टर याना म्हणाल्या. “मी विद्यार्थिनी होते तेव्हा. मी म्हटलं, सर, एक दिवस नाही मोजलं तर काय बिघडतं? तर म्हणाले, उद्या तूच विचारशील, त्या दिवशी किती होतं?”

बिसेरा पोळीचे तुकडे करत बसली. हे सगळे किस्से तिला पाठ होते. पहिल्या महिन्यात तिनं ते नीट ऐकले होते. मग प्रत्येक खेपेला आजोबा थोडे थोडे पुसट होत गेले आणि आता टेबलावर नुसता एक गमत्या म्हातारा उरला होता, एका पायात बूट आणि दुसऱ्यात सपात घालणारा. त्याच्याशी तिची ओळख नव्हती.

“पुस्तक कधी निघतंय?” आत्यानं विचारलं.

डॉक्टर यानांनी पिशवीतून छापखान्याची मुद्रितं काढली. जाडजूड गठ्ठा. अडतीस वर्षं रोज सकाळी सात वाजता आजोबांनी झऱ्याच्या पाण्याची उष्णता मोजली होती आणि त्या चिमुकल्या चढउतारांवरून डोंगराच्या पोटात पाणी कुठून कुठे जातं ते शोधून काढलं होतं. जगात एवढी लांब, न तुटलेली नोंद दुसऱ्या कुठल्या झऱ्याची नाही, असं त्या म्हणायच्या.

“म्हणजे सदतीस वर्षांची,” त्या आता हळू आवाजात म्हणाल्या. “शेवटचं वर्ष नाहीच. मागच्या वर्षीच्या जानेवारीपासून वहीत एक ओळ नाही. मी सगळी खोली धुंडाळली.” त्यांनी शेवटचं पान पुढे केलं. बिसेरानं वाचलं, ‘अखेरच्या वर्षात प्राध्यापकांची स्मृती गेल्यामुळे निरीक्षणं थांबली.’

“गेली होती का गं स्मृती?” सरपंचांनी विचारलं.

“विसरायचे तर जन्मभर,” आत्या म्हणाली. “शेवटी जरा जास्तच. काय सांगावं?”

“गेली नव्हती,” बिसेरा म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिचा आवाज सपाट होता. “मागच्या ऑगस्टमध्ये रोज मी त्यांच्याबरोबर होते. मी खाली उतरून आकडा सांगायचे आणि ते वरून म्हणायचे, ‘लिहिलं!’”

“म्हणत असतील बाळा,” डॉक्टर याना मायेनं म्हणाल्या. “पण लिहिलं कुठे? लिहिलं नाही तर ती नुसती सकाळची फेरी झाली. सोमवारी मला ही पानं छापखान्यात परत द्यायची आहेत.”

बिसेरा उठली आणि मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. पाठोपाठ नेवेना आणि त्सोन्यो आले.

“रड ना गं जरा,” नेवेना म्हणाली. “मोकळं वाटेल.”

“येत नाही.”

“मग विचार कर! ‘लिहिलं’ म्हणायचे ना? कशावर लिहायचे?”

“वहीवर.”

“तू पाहिलीस वही?”

“मी बारा पायऱ्या खाली, कमानीच्या आत असायचे. तिथून काय दिसणार?”

“मला दिसायचे!” नेवेना म्हणाली. “आमच्या दारावरूनच जायचे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात थर्मामीटरची नळी. पूर्वी खांद्याला ती चामडी पिशवी असायची. काठी आली तेव्हा पिशवी गेली. मागच्या वर्षी पिशवी नव्हतीच, आई शप्पथ!”

“आणि पेन?”

“कानावर.”

“माझ्या प्लास्टरवर लिहिलं होतं त्यांनी!” त्सोन्यो उडालाच. “माझा हात मोडला होता ना? मी झऱ्यावर गेलो त्यांच्याबरोबर. म्हणाले, ‘हात दे जरा,’ आणि लिहिला आकडा! घरी गेल्यावर उतरवतो म्हणाले. मग विसरले. मग डॉक्टरनं प्लास्टर कापून टाकलं.”

बिसेराच्या हातातला पोळीचा तुकडा खाली पडला.

“समोर असेल त्यावर लिहायचे,” ती सावकाश म्हणाली. “झऱ्यापाशी त्यांच्या समोर काय असायचं?”

“फळा!” नेवेना ओरडली. “पत्रकं! टाचणी काढायची, मागच्या कोऱ्या बाजूला लिहायचं, परत लावायचं! आणि कुठली बाजू वर ते तुझ्या आजोबांना कशाला कळतंय!”

“आजोबाच चोर!” त्सोन्यो आनंदानं किंचाळला.

धावत सुटली तिघंही. उतारावर त्सोन्योची चप्पल निघाली, ती हातात घेऊन तो धावला. वळण घेतलं आणि पाय थबकले. फळा रिकामा होता! एक कागद नाही, एक टाचणी नाही. ग्रामपंचायतीचा शिपाई मांडी घालून बसला होता आणि फळ्याला हिरवा रंग देत होता.

“हात लावू नका, ओला आहे!”

“कागद! कागद कुठे गेले?”

“सरपंचांचा हुकूम. उद्या पाहुणे येणार, पाटी लागणार आणि शेजारी ही जुनी लक्तरं? तुमच्या आजोबांचं नवं पत्रक ठेवलंय बाजूला, उद्या लावू. बाकीची गोणीत भरून सरपंचांच्या वाड्यात धाडली. चूल पेटवायला.”

“कसली चूल?”

“उद्याच्या पंगतीची चटणी शिजतेय ना! मिरच्या भाजून झाल्या, आता कढई चढेल.”

बिसेरा आधीच पळायला लागली होती. तिच्या छातीत काही धडधडत नव्हतं. फक्त पाय पळत होते, आणि तिला एवढंच माहीत होतं की ते कागद गेले तर ‘स्मृती गेली’ हे छापलं जाईल आणि कायमचं राहील.

सरपंचांच्या अंगणात भाजलेल्या लाल मिरच्यांचा ढीग पडला होता. आंघोळ करता येईल एवढी कढई तिपाईवर ठेवलेली होती आणि पाचसहा आज्या चटणी ढवळायची लाकडी वल्ही घेऊन सज्ज होत्या. खाली वाकून झेल्याझ्को काका फुंकर मारत होते. त्यांच्या शेजारी गोणी होती. त्यांनी तिच्यात हात घातला, एक कागद चुरगाळला आणि लाकडांत सारला.

“काका, थांबा! ती गोणी आम्हाला द्या!”

“आता काय नवीन?”

“त्यावर आजोबांनी लिहिलंय! झऱ्याचे आकडे! मागच्या बाजूला...”

“हे बघ पोरी, सकाळी दहाला पाहुणे येतील. साठ माणसांची पंगत आहे. मला रडगाणी नकोत, मला आग हवी!” त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. दुसरा कागद पेटला. कडा वर वळली आणि बिसेराला दिसलं, निळी शाई. पोटात आडवी रेघ असलेला सात. आजोबांचाच सात! पाहता पाहता तो काळा झाला आणि वर गेला.

ती पुढे झेपावली, तर नेवेनानं तिचा दंड पकडला. “असं नाही! हे कुणाचं ऐकत नाहीत. आपलं तर नाहीच. त्सोन्यो, तू रविवारी चर्चमध्ये मेणबत्त्या धरतोस ना? पाद्र्याचा आवाज काढता येतो?”

“एकदम हुबेहूब!”

“मग गोणीतला वरचा कागद घे आणि वाच. मोठ्यांदा! कढईच्या अगदी जवळ!”

त्सोन्योला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तो सरपंचांच्या काखेखालून घुसला, एक कागद उपसला, चप्पल बगलेत मारली, आणि नाकातून लांबलचक सूर लावला. “आमचे लाडके पती, पिता आणि आजोबा, कोल्यो स्तामेनोव, वय वर्षे एकाहत्तर, यांना जाऊन सात वर्षं झाली! आज सरपंचांच्या चुलीत!”

सगळी वल्ही थांबली.

“आमची प्रिय आई त्रेन्दाफिला,” त्सोन्योनं दुसरा कागद घेतला, “तिची आठवण सदैव राहो! मिरच्यांच्या खाली!”

“अगं बाई!” एका आजीनं छातीवर क्रॉस केला. “झेल्याझ्को! माझ्या आईला जाळतोस?”

“मावशी, अहो कागद आहे तो!”

“कागदावर कोण आहे?” ग्युर्गा आजी वल्हं घेऊन पुढे आल्या. सरपंच मागे सरले. “वर्षभर माझा म्हातारा उलटा टांगला, तेवढं पुरलं नाही? आता त्याला चुलीत घालून त्या आगीवर मेलेल्यांच्या पंगतीचं अन्न शिजवतोस? एक घास कुणी खाईल का रे? लाझारचा आत्मा काय म्हणेल?”

“आग विझवा!” “लाकडं बाहेर ओढा!” “पाणी आणा गं!” एकच गिल्ला झाला. साठ माणसांची पंगत घालणारे सरपंच गोणी सोडून चक्क कढईच्या मागे लपले. नेवेनानं गोणी ओढली आणि वर बसली.

पण आता नवीच पंचाईत! ज्या त्या आजीला आपला माणूस घरी न्यायचा होता. “माझा भाऊ दे!” “माझी सासू कुठाय?” हात गोणीत शिरायला लागले. बिसेरानं कोल्यो आजोबांचं पत्रक ग्युर्गा आजींसमोर धरलं आणि उलटं केलं. मागची बाजू वरपासून खालपर्यंत आकड्यांनी भरली होती. तारीख, आकडा. तारीख, आकडा.

ग्युर्गा आजींनी चष्मा लावला. “हे तर लाझारचं अक्षर! म्हणजे माझ्या म्हाताऱ्याला शीर्षासन घालणारा तो होता होय? आणि मी या पोरांना शिव्या देत बसले!” त्यांनी वल्हं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “बघा गं बायांनो. आपली माणसं वर्षभर त्याचं काम पाठीवर घेऊन उभी होती. द्या त्या पोरीला. झालं की परत आणून देईल.”

कुणी नाही म्हटलं नाही.

मांडवाखालच्या टेबलावर बत्तीस कागद पसरले. तारखांप्रमाणे लावता लावता ऊन भिंतीवर चढलं. मधले नऊ दिवस नव्हते, ते जळाले. पण जानेवारी होता, मार्च होता, मे होता. फेब्रुवारीतला शेवटचा आकडा आजोबा दवाखान्यात जाण्याच्या आदल्या सकाळचा होता. आत्या कठड्याला टेकून रडत होती. बिसेराला वाटलं, आता आपल्यालाही काहीतरी होईल. झालं नाही. ती कागद लावत राहिली.

डॉक्टर याना एकेका आकड्यावर पेन्सिल टेकवत चालल्या होत्या. चेहरा उजळला होता. “अकरा पूर्णांक सहा. सहा. सहा. सुरेख! जुलै, सहा...” पेन्सिल थांबली. “ऑगस्ट. आठ?”

“काय झालं?” आत्यानं विचारलं.

“ऑगस्टभर आठ. सप्टेंबरला पुन्हा सहा. असं होत नाही. या झऱ्याला महिना कळत नाही, अडतीस वर्षांत त्यानं एका रात्रीत अशी उडी मारलेली नाही.” त्यांनी चष्मा काढला. “नजर गेली असेल. किंवा... हे मला वापरता येणार नाही, रुम्याना. एक महिना असा चुकला तर बाकीच्यावर कोण विश्वास ठेवील?”

“ते आकडे त्यांनी वाचलेले नाहीत,” बिसेरा म्हणाली. “ऑगस्टमध्ये मी वाचत होते.”

म्हणजे चूक तिची होती. आजोबांचं शेवटचं वर्ष तिनंच घालवलं होतं.

“इथे कडेला आडवं काहीतरी लिहिलंय,” त्सोन्यो म्हणाला. तो टेबलावर चढून पोस्टमनच्या आईच्या पत्रकावर पालथा पडला होता. कुणी विचारण्याआधीच त्यानं मोठ्यांदा वाचायला सुरुवात केली, या खेपेला त्याच्या स्वतःच्या आवाजात.

“‘वहीत उतरवताना ऑगस्टचे सगळे आकडे शून्य पूर्णांक दोननं कमी करावेत. बि. नळीचं पाऱ्याचं टोक मुठीत धरते, मुठीची ऊब लागते. दर वर्षी तपासून पाहिलं आहे, बरोबर दोनच. तिला सांगायचं नाही. सांगितलं तर लाजेल आणि खाली उतरायची बंद होईल, आणि मला ते चालणार नाही. विसरून बोलून जाशील, लाझार. विसरू नकोस.’”

डॉक्टर यानांनी कागद ओढून घेतला. वाचला. मग एकदम मुद्रितांचा गठ्ठा उघडला, आणि जुनी वही उघडली, आणि भराभर पानं उलटली. “इथे. आणि इथे. आणि इथेसुद्धा! चार वर्षांच्या ऑगस्टसमोर पेन्सिलीनं ‘बि.’ लिहिलंय. वहीत उतरवताना ते वजा करून लिहीत होते. आणि मी... मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची रेघोटी. छापताना मी ती सगळी काढून टाकली.” त्या खाली बसल्या. “त्यांची स्मृती गेली, असं मी लिहिलं! या माणसाच्या डोक्यात मुठीच्या उबेचा हिशोब होता.”

बिसेरा स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती. पाच उन्हाळे. रोज सकाळी सात वाजता ती त्या थंड कमानीत उकिडवी बसायची, नळी सुटू नये म्हणून घट्ट मूठ आवळायची, आणि अभिमानानं ओरडायची. आणि वरून आवाज यायचा, ‘लिहिलं! शाब्बास!’ त्यांना सगळं माहीत होतं. एकदा, एकदासुद्धा बोलले नाहीत!

आणि मग ते आलं. कुठून तरी खोलातून, पोटातून. आधी तिला हसू आलं वाटलं, पण ते हसू नव्हतं. ती टेबलावर डोकं ठेवून मोठमोठ्यानं रडायला लागली, लहान पोरं रडतात तशी, नाक वाहत, श्वास अडकत. खूप दुखत होतं. सहा महिन्यांत पहिल्यांदा दुखत होतं आणि ते थांबू नये असं तिला वाटत होतं. आत्यानं तिला जवळ ओढलं. त्सोन्यो घाबरून म्हणाला, “मी नव्हतं वाचायला पाहिजे का?” नेवेनानं त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि स्वतःचे डोळे पुसले.

थोड्या वेळानं फाटकातून झेल्याझ्को काका आले, टोपी हातात घेऊन. जेवणाची वेळ नसताना ते आले, हीच मोठी गोष्ट. “पोरांनो, चुकलं माझं,” ते म्हणाले. “तुम्ही तिघं नसतात तर मी लाझारकाकांचं अख्खं शेवटचं वर्ष चटणीखाली घातलं असतं. उद्या पंगतीत सगळ्यांसमोर सांगणार आहे हे. स्वतःच सांगणार.”

“आणि जळलेले नऊ दिवस?” नेवेनानं विचारलं.

“तेही सांगीन गं बाई!”

डॉक्टर यानांनी शेवटच्या पानावरचं वाक्य खोडलं. दोन रेघा मारून खोडलं. मग त्या बराच वेळ विचार करून लिहीत होत्या. बिसेरानं नाक पुसत वाकून पाहिलं. ‘पाच उन्हाळ्यांत ऑगस्टची निरीक्षणं बिसेरा मिन्चेवा हिनं घेतली. थर्मामीटर मुठीत धरल्यामुळे प्रत्येक आकडा ०.२ अंशांनी जास्त आला. प्राध्यापकांनी तो दुरुस्त केला आहे.’

“माझी चूक छापणार?” बिसेरानं विचारलं.

“छापावीच लागेल. ती छापली तरच त्यांचे आकडे खरे ठरतात.”

बिसेरानं ते पुन्हा वाचलं. “घट्ट मुठीत, असं लिहा,” ती म्हणाली. “घट्ट धरत होते मी.”

डॉक्टर यानांनी वर तो शब्द घातला.